फार्मॉल एच आणि एका ओळीचा जुना कॉर्न पिकर: कसा चालायचा आणि आज चालवायचा असेल तर काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा होता: आयोवात तुम्ही नवराबायकोनी थोडी जमीन असलेलं जुनं फार्महाउस घेतलंय, मागच्या शेडमध्ये फार्मॉल एच ट्रॅक्टर निघाला आणि त्याच्या बाजूला न्यू आयडिया कंपनीचा एका ओळीचा, ट्रॅक्टरच्या मागं ओढायचा कॉर्न पिकर, म्हणजे उभ्या मक्याची कणसं काढायचं मशीन. हे मशीन काम कसं करायचं आणि पुढच्या वर्षी एक-दोन एकर मका लावून तो यानं काढता येईल का?

येईल. मी इलिनॉयमध्ये बरीच वर्षं हेच काम करतोय, जुने ट्रॅक्टर उघडायचे, चालू करायचे, आणि ऑक्टोबरमध्ये जुन्या पिकरनी मका काढायचा, त्यामुळे खात्रीनं सांगतो की न्यू आयडियाचा पिकर छपराखाली राहिला असेल तर तो अजून काम देतो. पण तुमच्या एचचा पीटीओ (इंजिनाची ताकद पिकरला देणारा शाफ्ट) आणि चाकं एकाच क्लचवर चालतात, आणि या मशीनबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. का, ते नीट समजल्याशिवाय पिकर जोडूच नका. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

मशीन यायच्या आधी मका हातानं काढायचे. आपल्याकडे कणसं खुडून आणून खळ्यावर निवांत बसून सोलतात, इथे ते दोन्ही एकाच झटक्यात उभ्या ताटावरच करायचे. तळहाताला चामड्याच्या पट्ट्यावर लोखंडी हूक बांधलेला, एका हातानं कणीस धरायचं, हुकानं साल फाडायची, मोडायचं आणि शेजारून चाललेल्या वॅगनमध्ये फेकायचं. वॅगनच्या पलीकडच्या बाजूला उंच फळी उभी केलेली असायची, तिला बॅंगबोर्ड म्हणतात, कणीस तिच्यावर आपटून आत पडायचं, म्हणजे बघून नेम धरायची गरज नाही. घोडे नुसत्या आवाजावर चार पावलं पुढं जायचे. चांगला माणूस दिवसाला ८० ते १०० बुशेल काढायचा. कणसाचा बुशेल म्हणजे ७० पौंड, साधारण ३२ किलो, तेव्हा हिशेब करा, दिवसाला अडीच-तीन टन माल एका माणसाच्या हातातून जायचा, आणि हे ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरच्या थॅंक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत, कधी बर्फ पडेपर्यंत रोज.

याच्या स्पर्धा व्हायच्या. हेन्री वॉलेस, जे पुढं अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १९२२ मध्ये आयोवात ही स्पर्धा सुरू केली आणि १९२४ पासून ती अनेक राज्यांची झाली. वेळ ८० मिनिटं. १९४० ची राष्ट्रीय स्पर्धा आयोवातल्या डॅव्हनपोर्टजवळ झाली आणि इलिनॉयच्या अर्विन बाउमननी ८० मिनिटांत ४६ बुशेलच्या वर मका काढला, म्हणजे जवळपास दीड टन! आता डॅव्हनपोर्टहून मिसिसिपी ओलांडली की समोर रॉक आयलंड, आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरचा फार्मॉल कारखाना तिथंच. तुमचा एच तिथंच बनलेला आहे. हातानं मका काढायचा विक्रम होत होता तेव्हा नदीच्या पलीकडं हे काम संपवणारी मशीनं रोज बाहेर पडत होती. पुढच्याच वर्षी, १९४१ ला, शेवटची मोठी स्पर्धा झाली, मग युद्ध आलं.

मका काढायच्या मशीनचं पेटंट तसं फार जुनं, एडमंड क्विन्सी नावाच्या माणसानं ते १८५० मध्ये घेतलं होतं. मग सत्तर-ऐंशी वर्षं का लागली? माझ्या मते तीन कारणं.

पहिलं म्हणजे ताकद. सुरुवातीचे पिकर घोडे ओढायचे आणि सगळी यंत्रणा पिकरच्याच जमिनीवर फिरणाऱ्या चाकावरून चालायची. ऑक्टोबरच्या ओल्या मातीत चाक घसरलं की रोल थांबले, रोल थांबले की मशीन तुंबलं. ट्रॅक्टरच्या इंजिनावरून शाफ्टनं थेट ताकद घ्यायची सोय, म्हणजे पीटीओ, इंटरनॅशनल हार्वेस्टरनी १९१८ च्या सुमाराला बाजारात आणली तेव्हा कुठं हे सुटलं.

दुसरं, ट्रॅक्टरचा आकार. आधीचे ट्रॅक्टर नांगरायला आणि मळणीयंत्र फिरवायला ठीक, पण उभ्या पिकात घालता यायचे नाहीत. १९२४ मध्ये पहिला फार्मॉल विकायला आला, उंच, पुढची दोन चाकं एकमेकांना चिकटून, मागची लांब पसरलेली. पुढची चाकं दोन ओळींच्या मधून जातात, मागची बाजूच्या दोन सऱ्यांमधून. कोळपणीपासून काढणीपर्यंत एकच ट्रॅक्टर, घोडे विकून टाकता येतील असा. जॉन डीअरचे मॉडेल ए आणि बी, अ‍ॅलिस-चामर्सचे डब्ल्यूसी, सगळे त्याच वाटेनं आले. तुमचा एच १९३९ ते १९५३ मधला, पंचवीसेक हॉर्सपॉवरचा, साडेतीन लाखांच्या वर बनले, म्हणून आजही पार्ट सहज मिळतात. (आपल्याकडच्या लोकांना हा लाल रंग ओळखीचा वाटतो कारण १९६३ मध्ये महिंद्रानी याच इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी करून मुंबईत बी-२७५ ट्रॅक्टर काढला, पण ते मॉडेल इंग्लंडच्या कारखान्यातलं, मक्याच्या ओळींसाठी बनवलेलं नव्हतं.)

तिसरं कारण लोक विसरतात ते म्हणजे बियाणं. जुन्या मक्याची ताटं काढणीपर्यंत आडवी व्हायची, काही कणसं गुडघ्याला तर काही डोक्याच्या वर. माणूस वाकून उचलतो, मशीन नाही उचलत. हायब्रिड मका आला तेव्हा ताटं ताठ उभी राहायला लागली आणि कणसं एका उंचीवर आली. आणि हे बियाणं विकणारी कंपनी १९२६ मध्ये काढणारे कोण, तर तेच हेन्री वॉलेस! १९३३ च्या आसपास आयोवात हायब्रिड नावापुरता होता, दहा वर्षांत जवळपास सगळं राज्य त्याच्यावर गेलं. पिकरचा प्रसार आणि हायब्रिडचा प्रसार एकाच काळातला आहे तो योगायोग नाही.

आता मशीन. शेडमध्ये जाऊन समोर उभे राहून वाचा. पुढं जमिनीलगत दोन लांब निमुळती टोकं दिसतील, ती ओळीच्या दोन्ही बाजूनी जाऊन ताटं आत घेतात, साखळ्या त्यांना मागं ढकलतात. मग खालून वर तिरके गेलेले दोन लांब लोखंडी रोल, अंगावर वळत गेलेल्या उंच धारा असलेले, हे स्नॅपिंग रोल. रसवंतीच्या चरकात ऊस जातो तसं ताट या दोघांच्या मधून खाली ओढलं जातं, कणीस जाड असल्यामुळे मधून जाऊ शकत नाही आणि देठाशी मोडून वर राहतं. तिथून एलेव्हेटरनी हस्किंग बेडवर. तिथं रोलच्या जोड्या, साधारणपणे एक लोखंडी एक रबरी, कणीस त्यांच्यावरून घसरताना रोल साल पकडून खाली खेचतात, वरून फिरणारे दाबक कणसाला रोलला चिकटवून ठेवतात. पंखा पाला उडवतो, खाली जाळीत गळलेले दाणे जमा होतात, आणि सोललेली कणसं मागच्या एलेव्हेटरनी पिकरच्या मागं जोडलेल्या वॅगनमध्ये पडतात. दाणे निघत नाहीत, अख्खी कणसंच घरी येतात.

वेग किती? ओळींमधलं अंतर ४० इंच, पहिल्या गिअरमध्ये तासाला अडीच मैल, एक ओळ, म्हणजे हिशेबानं तासाला एक एकर. वळणं, वॅगन बदलणं, तुंबणं धरून दिवसाला सात-आठ एकर. हातानं काढणारा दोन-अडीच एकर करायचा. म्हणून युद्धाच्या काळात पोरं लढायला गेलेली असताना ज्याच्याकडे पिकर आहे तो आपलं आटपून शेजाऱ्यांचा मका भाड्यानं काढून द्यायचा.

आता क्लच. तुमच्या एचवर क्लच दाबला की चाकं थांबतात आणि पीटीओ पण थांबतो. ओळीत चालताय, पुढं आडवी पडलेली दाट ताटं आली, रोलवर लोड आला, इंजिन दबायला लागलं. स्वाभाविकपणे पाय क्लचवर जातो. गाडी थांबते पण त्याच क्षणी रोलही थांबतात, तोंडात ताटं भरलेली असताना. आता क्लच सोडला की भरलेलं मशीन एकदम फिरवायचं आणि शिवाय पुढं पण जायचं, पंचवीस हॉर्सपॉवरमध्ये ते होत नाही, अजून घट्ट तुंबतं. त्यामुळे लोकांनी पद्धत बसवली होती: लोड यायच्या आधीच क्लच, पटकन न्यूट्रल, लगेच क्लच सोडायचा म्हणजे उभ्या जागी रोल फिरून आतला माल मागं जातो, मशीन रिकामं झालं की परत गिअर. ही सवय हाता-पायाला लागेपर्यंत रिकाम्या मैदानात, पिकर न जोडता, करून बघा.

आणि याच पद्धतीत माणसांचे हात गेले. बघा कसं होतं ते. ट्रॅक्टर न्यूट्रलला, पीटीओ चालू, रोल फिरतायत, पण दोन ताटं आडवी अडकलीयत आणि आत जात नाहीयेत. सीटवरून ती दिसतात. संध्याकाळ होत आलीय, उद्या पाऊस आहे. रोल बंद करून ओढलं तर ताट निघत नाही, रोल चालू असले तर जरा हलवलं की सुर्रकन जातं, हे त्या माणसाला अनुभवानं माहीत आहे, म्हणून तो चालू मशीनसमोर उतरतो, ताटाला हात घालतो, रोल ते पकडतात, आणि त्याला मूठ सोडायचा विचार येईपर्यंत हात रोलशी पोचलेला असतो. बोटं उघडायच्या वेगापेक्षा रोलचा ओढायचा वेग जास्त आहे, एवढं साधं आहे ते. कडाक्याच्या थंडीत जाड ग्लोव्ह, सैल जॅकेट, त्यानं आणखी वाईट. इथल्या जुन्या शेतकरी कुटुंबांत विचारा, कुणाचे तरी काका, कुणाचे आजोबा, हात किंवा बोटं पिकरमध्ये गेलेले असतात. त्यांना निष्काळजी म्हणणं मला अजिबात पटत नाही, वीस वर्षं पिकर चालवलेली, मशीन नीट जाणणारी माणसं होती ती. मशीन साफ करायला मशीन चालू लागतं अशी रचना होती आणि थकलेल्या माणसासमोर ती रोज दहा वेळा तोच सापळा मांडायची.

पुढं लाइव्ह पीटीओ आला, कॅनडाच्या कॉकशट ३० वर १९४६-४७ मध्ये, मग जॉन डीअर ६० वर, फार्मॉल सुपर एमटीए वर १९५४ मध्ये. यात चाकं थांबवली तरी पीटीओ चालू ठेवता येतो, त्यामुळे तुंबण्याआधीच सावरता येतं, उतरायची वेळ कमी येते. तुमच्याकडं पर्याय असेल आणि कुणाचा लाइव्ह पीटीओवाला जुना ट्रॅक्टर उधार मिळत असेल तर पहिल्या हंगामाला पिकर त्याच्यामागं लावा, असंच मी म्हणेन. एचनी वॅगन ओढा.

एचनीच करायचं असेल तर नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: उतरायचं म्हणजे पीटीओचा लिव्हर काढायचा, इंजिन बंद करायचं, रोल थांबलेले डोळ्यांनी बघायचे, मगच पाय खाली. अडकलेलं ताट सुरीनं कापून तुकड्यातुकड्यानं काढायचं, दहा मिनिटं जाऊ देत. दुसऱ्या माणसानं ट्रॅक्टरवर बसून पीटीओ चालू-बंद करत बसायचं हे तर कधीच नको. शाफ्टवरचं कव्हर जुन्या पिकरवर बहुतेक गायबच असतं, ते नवीन बसवल्याशिवाय इंजिनला जोडू नका, फिरणारा उघडा शाफ्ट रोलइतकाच वाईट आहे.

इंजिनाचं मी लांबवत नाही. जाम असेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरनी ओढून चालू करायचा प्रयत्न करू नका, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा आणि काही दिवस वाट बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. मूळ वायरिंग ६ व्होल्टची आहे आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो, सवयीनं उलटं लावाल, तर आधी बघा.

पिकरवर सगळ्यात आधी स्लिप क्लच. जास्त लोड आला की तो घसरून बाकीचं वाचवतो, पण वर्षानुवर्षं उभा राहून त्याच्या चकत्या गंजून एकमेकांना चिकटतात आणि मग तो घसरतच नाही, साखळी नाहीतर गिअरचे दात तुटतात. तो उघडा, साफ करा, मुद्दाम घसरवून बघा, मगच पुढचं. रबरी हस्किंग रोल नखानं दाबून बघा, दगडासारखे झाले असतील तर साल पकडणार नाहीत, ते बदलावे लागतील. स्नॅपिंग रोलमधली फट मॅन्युअलप्रमाणेच लावा: जास्त सैल झाली तर कणसाचा बुंधा आत ओढला जाऊन तिथले दाणे गळतात, जास्त आवळली तर ताटं ओढली जायच्या आधीच तुटतात आणि तो कचरा वर हस्किंग बेडवर जातो. बेअरिंगांमध्ये ग्रीस जातंय का ते प्रत्येक ठिकाणी बघा, उंदरांची घरटी काढा. वाळलेला पाला आणि गरम बेअरिंग एकत्र आले की आग लागते, ट्रॅक्टरवर चढवलेल्या दोन ओळींच्या पिकरमध्ये तर पाला इंजिनाच्या गरम पाइपाशी साचून कितीतरी ट्रॅक्टर शेतात जळालेत. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवाच.

आता मका. इथं बरेच लोक फसतात, त्यांना वाटतं पिकर ठीक झाला म्हणजे झालं. तुमचा पिकर ज्या काळात बनला तेव्हा एकराला ४०-५० बुशेल म्हणजे चांगलं पीक होतं. आज आयोवात २०० बुशेल काही विशेष नाही, एकराला तीस हजारांच्या वर रोपं असतात, ताटं जाड आणि चिवट. त्याच वेगानं चाललात तर त्याच रोलवर चौपट-पाचपट माल येतो. आणि ओळी आता ३० इंचावर असतात, तेव्हाच्या ४० इंच होत्या कारण मधून घोड्याला चालता यायला हवं होतं. शेजाऱ्याच्या ३० इंची मक्यात तुमचा पिकर घातला तर एक ओळ काढताना बाजूच्या ओळीला टोक लागेल आणि ट्रॅक्टरची चाकं पण बसणार नाहीत. म्हणून मका स्वतःच लावा, जुना दोन ओळींचा प्लांटर मिळतो स्वस्तात, ३८ किंवा ४० इंचावर, रोपं एकराला १६-१८ हजारच ठेवा, आणि आजूबाजूचे लावतात त्यापेक्षा आठ-दहा दिवस लवकर पिकणारं वाण घ्या. एचची मागची चाकं अ‍ॅक्सलवर आत-बाहेर सरकवता येतात, ती त्या अंतराला लावून घ्या.

ओढायच्या पिकरमध्ये एक अडचण कायम असते. पिकर ट्रॅक्टरच्या उजवीकडं चालतो, म्हणजे शेताची पहिली फेरी मारताना ट्रॅक्टरला न काढलेल्या ओळी तुडवाव्या लागतात. जुने लोक म्हणून कडेच्या आणि मधल्या काही ओळी आधी हातानं काढायचे, पिकर घरात आल्यावरही हूक खुंटीला असायचाच. चढवायचे दोन ओळींचे पिकर यासाठीच लोकांना आवडले, ते सरळ उभ्या पिकात शिरतात, पण ते बसवायला-उतरवायला दिवस जातो आणि मध्ये ट्रॅक्टर दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. एक-दोन एकरासाठी तुमचाच बरा. त्या कडेच्या ओळी हातानं काढा, पोरांना पण मजा येईल.

वॅगन अर्धीच भरा. शंभर बुशेल कणसं म्हणजे ७,००० पौंड, सव्वातीन टनाच्या जवळ, तुमच्या एचपेक्षा जड. सपाट जागेवर ठीक, पण उतारावर मागून ढकलायला लागली तर त्याचे ब्रेक पुरत नाहीत आणि चिकटलेल्या पुढच्या चाकांचा ट्रॅक्टर वळताना पटकन कलंडतो.

कणसं ठेवायची कुठं? तुमच्याकडे फळ्यांमध्ये फटी असलेलं उंच लाकडी क्रिब आहे का बघा, जुन्या फार्मवर बहुतेक असतं, मधून वॅगन जायला रस्ता आणि दोन्ही बाजूंना कणसांच्या खोल्या. त्या खोल्या मुद्दाम सहा-आठ फुटांच्याच अरुंद ठेवायचे म्हणजे वारा आरपार जाऊन कणसं आपोआप वाळतात. दाण्यातला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास आला की काढा, त्याहून ओला टाकलात तर आत बुरशी धरेल. मग हिवाळ्यात शेलर, म्हणजे दाणे काढायचं मशीन, घेऊन माणसं यायची, शेजारीपाजारी जमायचे, दिवसभर दाणे काढायचे, घरातल्या बायकांनी त्या सगळ्यांचं जेवण करायचं आणि दाणे काढल्यावर उरलेली कणसांची दांडकी चुलीत जळणाला. १९५४ मध्ये जॉन डीअरनी ४५ नंबरच्या कंबाइनला (कापणी आणि मळणी एकत्र करणाऱ्या मशीनला) मका काढायचं दोन ओळींचं तोंड, कॉर्न हेड, दिलं, शेतातच दाणे निघायला लागले, ओले दाणे गॅसवर वाळवायची सोय आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत क्रिबं ओस पडली. तुमचं उभं असेल तर पाडू नका, छप्पर तेवढं दुरुस्त करा.

एकदा चालू पिकर बघून घ्या. इलिनॉयमध्ये रॅंटूलच्या जुन्या विमानतळावर विषम वर्षांच्या ऑगस्टमध्ये हाफ सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस हे जुन्या शेतीयंत्रांचं प्रदर्शन भरतं, तिथं जुन्या पिकरनी खरा मका काढतात, आणि चालवणारी बरीच माणसं लहानपणी वडिलांबरोबर हे केलेली असतात, त्यांना न्यू आयडियाबद्दल विचारलं की तासभर सोडत नाहीत. आयोवात माउंट प्लेझंटला लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंडला ओल्ड थ्रेशर्स हे तसंच प्रदर्शन भरतं, १९५० पासून, तेही तुम्हाला जवळ पडेल.

तोवर एवढं करा: पिकरच्या नंबर प्लेटचा फोटो, स्लिप क्लचचा, स्नॅपिंग रोलचा समोरून, आणि हस्किंग रोलचा वरून, असे चार फोटो टाका. मॉडेल कळलं की मॅन्युअल कुठलं मागवायचं आणि कुठले रोल अजून मिळतात ते सांगतो. तोपर्यंत पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरपासून वेगळाच राहू दे.